दात्याला नाही म्हणता आलं पाहिजे

पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात मी प्रत्यारोपण समन्वयक आहे. दाता, रुग्ण, दोघांचे नातेवाईक, डॉक्टर, कमिटी आणि कायदा यांच्यामधली सगळी धावपळ माझ्या वाट्याची. अवयवांची खरेदी-विक्री का नको, असं मला अनेक जण विचारतात. त्याचं उत्तर माझ्या एका कामाच्या दिवसात आहे, म्हणून तो दिवसच सांगते. माणसांचे तपशील ओळख पटणार नाही इतके बदलले आहेत. त्यांचे प्रश्न तसेच ठेवले आहेत.

सकाळी 7.30 : डायलिसिस युनिट

पहिली शिफ्ट लागून तास होऊन गेलेला असतो. वजनकाट्याशेजारच्या वहीत प्रत्येकाचं आधीचं आणि नंतरचं वजन लिहिलेलं असतं. दोन दिवसांत तीन किलो वाढलेलं दिसलं की सिस्टर रागावतात, कारण ते सगळं शरीरात साठलेलं पाणी असतं. ऐन मे महिन्यात ही माणसं दिवसाला लिटरभर पाण्यात भागवतात, बर्फाचा खडा चोखून तहान मारतात. केळं बंद, नारळपाणी बंद, भाजी उकळून वरचं पाणी ओतून द्यायचं. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडू शकतं, हे इथल्या सातवी शिकलेल्या माणसालाही तोंडपाठ असतं.

आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास, असं डॉक्टर सांगतात. पण लांबून येणारे बरेच जण दोनदाच येतात. सरकारी योजनेतून डायलिसिस फुकट झालं तरी एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज कुणी देत नाही.

कोपऱ्यातल्या बेडवरचे काका शाळेत क्लार्क होते. मी दिसले की त्यांचा प्रश्न ठरलेला, "मॅडम, माझा नंबर कितवा आला?" यादी टोकनसारखी सरकत नाही, रक्तगट जुळावा लागतो, किती काळ डायलिसिसवर आहात त्याचे गुण असतात, हे मी पुन्हा समजावते. आज ते हळू आवाजात म्हणाले, "दीड एकर विकतो. दहा लाख उभे राहतील. कुठून तरी बघा ना."

मी नाही म्हणाले. अवयवविक्रीच्या विरोधात बोलणाऱ्याने हे 'नाही' काकांच्या समोर उभं राहून म्हणून बघावं. ज्या माणसाला आपण बाजाराचा दरवाजा बंद करतो, त्याच्यासाठी दुसरा दरवाजा उघडण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

सकाळी 9 : फाइली

टेबलावर फाइलींचा गठ्ठा. आधार, रेशन कार्ड, जन्मदाखले, लग्नाचं प्रमाणपत्र, ऊती किती जुळतात ते सांगणारा एचएलएचा रिपोर्ट, नोटरी केलेली प्रतिज्ञापत्रं. जवळच्या नातेवाइकाचा फॉर्म वेगळा, पती-पत्नीचा वेगळा, नातं नसलेल्याचा वेगळा. लोक या कागदांना कंटाळतात. हे कागद आले कुठून, ते मी प्रत्येक नव्या कुटुंबाला सांगते.

1980 च्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध हाताशी आलं आणि रक्ताचं नातं नसलेल्या माणसाची किडनीही शरीरात टिकू लागली. त्या वैद्यकीय यशाबरोबरच गरिबाच्या शरीराला भाव आला. मुंबई-चेन्नईसारख्या शहरांत किडनीचा उघड बाजार भरला. तो बंद करण्यासाठी संसदेने 1994 साली मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला, आणि तोही महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश यांच्या विधिमंडळांनी ठराव केल्यावर. आरोग्य हा राज्यांचा विषय, म्हणून तसे ठराव लागत होते. आई-वडील, भावंडं, मुलं आणि जोडीदार हे जवळचे नातेवाईक ठरले. 2011 च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडंही त्यात आली. दोन कुटुंबांतले दाते अदलाबदलीने जुळवण्याची, म्हणजे स्वॅपची, वाटही त्याच दुरुस्तीने मोकळी झाली.

नियमांत आणखी एक तरतूद आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यायची. तिची ओळख आणि तिची स्वतःची संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या कुणीतरी पडताळून पाहायची. ही तरतूद का लागली, ते आकड्यांत दिसतं. 1995 ते 2021 या काळात देशात झालेल्या 36,640 प्रत्यारोपणांपैकी स्त्रियांना मिळालेली प्रत्यारोपणं 7,000 सुद्धा भरली नाहीत. देणाऱ्यांच्या रांगेत मात्र बायकाच पुढे.

सकाळी 10 : दार लावून

आज भावाला किडनी देणारी बहीण आली आहे. वय चौतीस, दोन मुली, सासर बारामतीकडे. सोबत आई, मोठा भाऊ, वहिनी. बाहेरच्या बाकावर सगळे एकदम बोलतात, "तिचीच इच्छा आहे हो. ती तर कधीची तयार आहे."

मी तिला एकटीला आत घेते आणि दार लावते. आधी शरीराचं सांगते. ऑपरेशन दुर्बिणीतून होईल, चार-पाच दिवस राहावं लागेल, दीड-दोन महिने जड काम करायचं नाही. एका किडनीवर माणूस नीट जगतो, पण रक्तदाब आणि लघवीची तपासणी दर वर्षी, आयुष्यभर करायची. ती मान हलवते. सगळं कळल्यासारखी मान हलवते, तेव्हा मी थांबते आणि विचारते, "ताई, तुम्हाला द्यायची आहे का?"

बराच वेळ ती पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसली. मग म्हणाली, "वडील गेल्यावर शेताच्या हक्कसोडपत्रावर सही केली, तसंच हे. बहिणी देतातच. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंत." आणि थोड्या वेळाने, "माझा भाऊ वाईट नाही हो. पण धाकटी अजून अंगावर पिते. मला काही झालं तर?"

तिला मी सांगितलं ते प्रत्येक दात्याला सांगते. तुम्ही आज नाही म्हणू शकता, उद्या म्हणू शकता, ऑपरेशनच्या दिवशी भूल देईपर्यंत म्हणू शकता. कारण कुणालाही सांगावं लागणार नाही. आम्ही घरच्यांना एवढंच सांगू, की दाता म्हणून या योग्य नाहीत. कुठला खोटा आजार आम्ही चिकटवत नाही. मनाची तयारी हीसुद्धा योग्यतेची अट आहे, तेव्हा ते वाक्य खरंच असतं.

तिने आठ दिवस मागितले. बाहेर आल्यावर आईने मला गाठलं, "काय म्हणाली?" मी म्हटलं, "आई, तपासण्या चालू आहेत."

माझ्या कामाचा गाभा या बंद दारामागच्या अर्ध्या तासात आहे. दान दान राहतं ते नाही म्हणायची वाट शेवटपर्यंत खुली असते म्हणून. घरच्या प्रेमाचा, रीतीचा, सासर-माहेरचा दबाव असतोच. पण तो आम्हाला ओळखता येतो आणि पुष्कळदा सैलही करता येतो. पैसा हातात पडला की काय होतं, ते दुपारी कळेल.

सकाळी 11.45 : फोन

अनोळखी नंबर. तरुण आवाज. "किडनी द्यायची आहे. किती मिळतात?"

असे फोन येतात. मी रागावत नाही. रागावलं की तो फोन ठेवतो आणि पुढचा एजंटला लावतो. कशासाठी लागतायत म्हणून विचारते. आजचा मुलगा मोबाइलवरच्या लोन अ‍ॅपमध्ये अडकला होता. फेसबुकवरच्या एका जाहिरातीत रुग्णालयाच्या नावाने कोटीची रक्कम दाखवली होती आणि 'रजिस्ट्रेशन फी' म्हणून आठ हजार मागितले होते. ती जाहिरात फसवणूक आहे, कोणतंही रुग्णालय किडनी विकत घेऊ शकत नाही, हे आधी सांगितलं. मग कायदा सांगितला. पैसे देणारा, घेणारा आणि जुळवून देणारा, तिघेही गुन्हेगार. पाच ते दहा वर्षं कैद आणि 20 लाख ते 1 कोटी रुपये दंड.

शेवटी चेन्नईची पाहणी सांगितली. किडनी विकलेल्या 305 जणांना भेटून केलेला हा अभ्यास 2002 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आला. 96 टक्क्यांनी कर्ज फेडायला किडनी विकली होती. विकल्यावर घरचं उत्पन्न सरासरी एक तृतीयांशाने घटलं. तीन चतुर्थांश माणसं पाहणीच्या वेळीही कर्जातच होती. 86 टक्के म्हणाले, तब्येत खालावली. आणि तुझ्यासारख्या एखाद्याला काय सांगाल, असं विचारल्यावर 79 टक्के म्हणाले, विकू नको.

तो गप्प झाला. सायबर पोलिसांचा आणि कर्जाबाबत सल्ला देणाऱ्या एका संस्थेचा नंबर त्याला पाठवला. त्याने काय केलं, ते मला कळणार नाही.

दुपारी 1.15 : डबा

नेफ्रॉलॉजीचा निवासी डॉक्टर समोर बसला. हुशार आहे आणि पोटतिडकीने बोलतो. गेल्या आठवड्यात त्याचा एक रुग्ण यादीत असतानाच गेला.

"ताई, बंदी घालून विक्री थांबली का? लपून चालते एवढंच. मग उजेडात का आणू नये? सरकारने भाव ठरवावा, पैसे थेट खात्यात द्यावे, दात्याला आयुष्यभर उपचार द्यावे. इराणमध्ये आहे की."

हा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही. नोबेल मिळवलेले अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी 2007 साली एका सहकाऱ्याबरोबर किडनीची वाजवी किंमतही काढली होती, सुमारे 15,000 डॉलर. तत्त्वज्ञ जॅनेट रॅडक्लिफ रिचर्ड्स विचारतात, की गरिबाकडे आधीच थोडे पर्याय असताना त्यातला आणखी एक काढून घेऊन त्याचं काय भलं होतं? प्रश्न खरा आहे. हताश माणसाला उपदेश करून पोट भरत नाही.

पण इराणमध्ये 1988 पासून किडनीचे पैसे कायदेशीरपणे मिळतात आणि तिथेही विकायला येणारा बहुतेक गरीब, कर्जात बुडालेलाच असतो. मानवशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन यांनी 1990 च्या दशकात तमिळनाडूत जे पाहिलं, ते मला या सगळ्या वादातलं सर्वांत महत्त्वाचं निरीक्षण वाटतं. ज्या वस्त्यांत किडनी विकणं रुळलं, तिथे सावकारांचा तगादा वाढला. बायकांकडे किडनी आहे हे धरूनच कर्ज दिलं जाऊ लागलं. किडनी तारण झाली.

मी त्याला म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही म्हणता एक पर्याय वाढला. विकणाऱ्यापुरता वाढला असेल. पण त्याच वस्तीतल्या जिला विकायची नाही, तिचं काय? काल सावकार तिला म्हणू शकत होता की भांडी उचलून नेतो. आज म्हणतो, किडनी आहे ना अजून? तिच्याकडचं 'नाही' गेलं."

हे तमिळनाडूपुरतं नाही. 2015 च्या अखेरीस अकोल्यात उघडकीला आलेल्या किडनी प्रकरणाचं मूळ अवैध सावकारीत होतं, आणि ऑपरेशनसाठी माणसं श्रीलंकेत नेली होती. दहा वर्षांनी, 2025 च्या डिसेंबरात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने सावकाराच्या तगाद्यामुळे कंबोडियात जाऊन किडनी विकल्याची तक्रार केली. देश बदलला, सावकार तोच राहिला.

तो म्हणाला, "मग माझ्या पेशंटने करायचं काय?" त्याचं उत्तर संध्याकाळच्या कामात आहे, असं मी म्हटलं आणि उठले.

दुपारी 3 : कमिटी

ऑथोरायझेशन कमिटीत प्रत्यारोपणाच्या टीमबाहेरचे डॉक्टर, शासनाचे प्रतिनिधी आणि समाजातले जाणते लोक असतात. मुलाखतीचं व्हिडिओ चित्रण होतं. दाता जवळचा नातेवाईक नसेल तर कमिटीने काय पाहायचं हे नियमांत सविस्तर दिलेलं आहे. दोघांचा संबंध काय, द्यावंसं का वाटलं, एकत्र काढलेले जुने फोटो, मधे कुणी दलाल नाही ना, दोघांची तीन वर्षांची मिळकत आणि त्यातली तफावत.

आजची फाइल एका व्यापाऱ्याची. दाता त्यांचा ड्रायव्हर. कारण, "आपुलकी". फोटो होते, तहसीलदाराचा दाखला होता, बायकोचं ना-हरकत पत्र होतं. कागद इतके चोख, की पाहूनच सदस्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि ते बोलायला लागले.

"शेठजींच्या घरी येणं-जाणं आहे?"

"रोजचं आहे साहेब. घरच्यासारखाच आहे मी."

एका सदस्य बाईंनी सहज विचारलं, "डायलिसिस करून थकून येत असतील. मग काय देता त्यांना?"

त्याचा चेहरा उजळला. हा प्रश्न कुणी पढवलेला नव्हता आणि चांगुलपणाचं उत्तर त्याला सुचलं होतं. "नारळपाणी, मॅडम. ताजं. मीच आणतो रोज."

खोलीत कुणी काही बोललं नाही. ज्या माणसाला नारळपाणी वर्ज्य आहे, त्याला ते रोज दिलं असतं तर शेठजी आज बाहेरच्या सोफ्यावर बसलेले नसते. घरचं माणूस आधी हे पथ्य शिकतं. कमिटीने आणखी प्रश्न विचारले, मिळकतीचे कागद पाहिले आणि परवानगी नाकारली.

कॉरिडॉरमध्ये तो भिंतीला टेकून उभा होता. रडत नव्हता. मला म्हणाला, "मॅडम, घेतलेले कुठून परत देऊ? पोरीच्या लग्नात संपले."

सकाळच्या बहिणीला मी आठ दिवस देऊ शकले. याला काहीच देऊ शकत नव्हते. भूल देईपर्यंत नाही म्हणायचा हक्क कायद्याने त्यालाही होता, पण उचल घेतली त्या दिवशीच तो गेला होता. लोक म्हणतात, किडनीची विक्री झाली. किडनी तर अजून त्याच्याच पोटात होती. आधी विकला गेला तो त्याचा नकार. भाव सरकारने ठरवून आणि खात्यात भरून हे बदलत नाही, कारण कर्जबाजारी माणसाच्या हातात पैसा दुपारपर्यंतही थांबत नाही. उद्या त्याचं मन बदललं तर परत द्यायला काय असतं?

त्याचं म्हणणं मी अध्यक्षांच्या कानावर घातलं. ते माझं कर्तव्य आहे आणि ते करताना जीव तुटला. पैसे घेणाराही कायद्याने आरोपी ठरत असल्याने फसवला गेलेला विक्रेता तोंड उघडायला घाबरतो, आणि या भीतीवर एजंट जगतो. 2022 साली पुण्यात गाजलेलं प्रकरण उघडकीला आलं ते कोल्हापूरकडच्या एका बाईने तोंड उघडल्यामुळे. रुग्णाची बायको असल्याचं भासवून तिची किडनी घेतली होती आणि कबूल केलेले 15 लाख तिला मिळाले नव्हते. तीही घाबरून गप्प बसली असती तर?

संध्याकाळी 6 : आयसीयू

दुचाकीच्या अपघातातला तरुण. मेंदूमृत्यूच्या तपासण्यांची पहिली फेरी दुपारी झाली. सहा तासांच्या अंतराने दुसरी होईल. चार डॉक्टरांचं पॅनल दोन्ही वेळा खात्री करून सह्या करतं. त्याचे वडील धाराशिवहून आले आहेत. डॉक्टरांनी त्यांना सगळं सांगितल्यावर, त्यांना वेळ देऊन, मी जवळ बसते.

त्यांनी दोन प्रश्न विचारले. "आम्हाला पैसे भरावे लागतील का?" आणि "माझ्या पोराचं काळीज कुणा पैसेवाल्याला जाणार का?"

पहिल्याचं उत्तर सोपं. संमतीनंतर अवयव जपण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबाकडून घेता येत नाही. दुसऱ्याचं उत्तर मी सावकाश देते. विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीची यादी असते, रक्तगट, निकड आणि प्रतीक्षेचा काळ पाहून ठरतं. पैसे देऊन वर चढता येत नाही. कुणाला मिळालं हे तुम्हाला सांगितलं जाणार नाही आणि तुम्ही कोण हे त्यांनाही कळणार नाही.

"नक्की ना?" त्यांनी विचारलं. किडनी रॅकेटची प्रत्येक बातमी या प्रश्नामागे उभी असते. विक्रीचा सर्वांत मोठा तोटा इथे होतो. बाजाराचा वास आला की दान करणारा हात मागे घेतो. आणि खरी आशा तर इथेच आहे. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1.68 लाख माणसं गेली. 2023 साली अख्ख्या देशात मेंदूमृत दाते होते जेमतेम 1,100. अपघातातला प्रत्येक मृत्यू मेंदूमृत्यू नसतो आणि प्रत्येक मेंदूमृत माणूस दाता होऊ शकत नाही, हे धरूनही ही दरी केवढी आहे! निवासी डॉक्टरच्या रुग्णाची आणि सकाळच्या काकांची किडनी या दरीत हरवते आहे.

वडील म्हणाले, "थोरल्या भावाला विचारतो." फोन करून आले आणि म्हणाले, "नको. त्याची आजी घरी आहे. तिला आख्खं पोर बघायचंय." मी हात जोडले. त्यांच्या जेवणाची, पोलीस पंचनाम्याची आणि पुढच्या कागदांची सोय लावून दिली. त्यांचा नकारही मी तेवढाच जपला पाहिजे. नाही म्हणणाऱ्याला इथे मान मिळतो हे ज्या गावाला कळेल, तिथूनच उद्याचा होकार येईल.

रात्री 8.30 : नोंदी

रजिस्टर लिहिताना दिवसभराचा हिशोब समोर येतो. आज माझ्या टेबलावरून एकही किडनी मार्गी लागली नाही आणि काकांचा नंबर आहे तिथेच आहे. बंदी नुसती पाळून आपण सुटत नाही, हे मला रोज याच वेळी जाणवतं.

करता येण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्याला नवा कायदाही लागत नाही. दात्याचा खर्च आणि बुडालेली कमाई भरून देणं 1994 च्या कायद्यातल्या मोबदल्याच्या व्याख्येतूनच वगळलेलं आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याने अवयव दिला तर त्याला 2023 पासून 42 दिवसांपर्यंत विशेष रजा मिळते. मग बहिणीला किडनी देणाऱ्या गवंड्याला तेवढ्या दिवसांची मजुरी का मिळू नये? दात्याची वार्षिक तपासणी फुकट का नसावी? फसवल्या गेलेल्या विक्रेत्याला, त्याने एजंटचं नाव सांगितलं तर, आरोपीऐवजी साक्षीदार का मानू नये? आयसीयू असलेल्या प्रत्येक रुग्णालयात मेंदूमृत्यू वेळेवर ओळखून कळवणारा प्रशिक्षित माणूस का नसावा?

या प्रत्येक गोष्टीला पैसे लागतात आणि तेच पैसे आपण मोजले पाहिजेत. किडनी विकत घ्यायची नाही असं ठरवलेल्या समाजाने दात्याची मजुरी, त्याची तपासणी आणि त्याचा नकार यांचा खर्च स्वतःच्या तिजोरीतून उचलावा. तसं झालं, तरच उद्या सकाळी काकांना नाही म्हणायचा हक्क मला पोचतो.